कोरा कागद आणि अंगठा

(धाटावच्या मेळाव्यात केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी वाडीवर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



नाचणी कापणीला आलीय, तरी काम टाकून तुम्ही आलात. म्हणून लांबण लावत नाही. आज आम्ही एका दूरच्या मुलखाची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेची. तुम्ही म्हणाल, इथं फारेस्टचा गार्ड दाराशी उभा आणि ही पोरं कुठली अमेरिका काढून बसलीत! पण ऐका. गोष्ट संपेल तेव्हा तुम्हीच म्हणाल, ही तर आपल्याच वाडीची.

शाळेत आम्हाला शिकवलं की कोलंबसानं अमेरिका शोधली. 12 ऑक्टोबर 1992 ला त्याला पाचशे वर्षं झाली. आम्ही विचारतो, शोधली म्हणजे काय? ती काय हरवली होती? तिथं माणसं राहत होती. मका लावत होती, शिकार करत होती, आपले देव पूजत होती. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानात आलो, म्हणून त्यानं त्या लोकांना 'इंडियन' म्हटलं. चूक त्याची, पण नाव त्यांना चिकटलं. आपल्यालाही कागदावर एक नाव चिकटवलंय, 'अतिक्रमणदार'. ज्या डोंगरावर आपल्या आजा-पणजाची हाडं आहेत तिथं आपण अतिक्रमणदार! तेही नाव असंच चुकीचं आहे.

गोरे लोक आधी पूर्वेच्या समुद्राकाठी राहिले. मग एकोणिसाव्या शतकात ते पश्चिमेकडे सरकत गेले, पार दुसऱ्या समुद्रापर्यंत. बंदुका चालल्या, गावंच्या गावं मारली. पण वाचता वाचता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. बंदुकीच्या पुढं-मागं दर वेळी एक कागद होता. त्यातले तीन कागद आज तुम्हाला सांगतो.

पहिला कागद, 'इथं कुणी नाही' असं म्हणणारा. 1803 साली फ्रान्सच्या राजवटीनं मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख अमेरिकेच्या सरकारला विकला. किंमत दीड कोटी डॉलर. विकणारा तिथं राहत नव्हता, घेणारा तिथं राहत नव्हता. राहत होते त्यांना कुणी विचारलंही नाही. पुढं 1862 साली सरकारनं कायदा केला की जो जाऊन पाच वर्षं राहील आणि कसेल त्याला 160 एकर. बाहेरच्याला पाच वर्षांत हक्क मिळाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला हाकललं. मग 1869 साली रेल्वे पूर्वेकडून पश्चिमेला जाऊन भिडली आणि माणसांचा लोंढाच आला. आपल्या रोह्याहूनही कोकण रेल्वे गेली. रेल्वे येऊ नये असं आम्ही म्हणत नाही. पण रेल्वेआधी जमिनीचे दलाल येतात, एवढं ध्यानात ठेवा.

इकडं इंग्रजांनी तोच हिशेब केला. 1878 चा जंगल कायदा आला, आणि ज्याचा सातबारा नाही ते जंगल सरकारचं झालं. 'राखीव' हा शब्द नीट ऐका. अमेरिकेत जंगल मोकळं केलं आणि माणसांना राखीव जागेत कोंडलं. आपल्याकडं जंगल राखीव केलं आणि माणसांना बाहेर काढलं. शब्द एकच, दोन्हीकडं मार आदिवासीलाच. आणि इथं धाटावात कारखान्यांच्या पाटीवर काय लिहिलंय? 'औद्योगिक वसाहत'. वसाहत म्हणजे बाहेरून येऊन वसलेल्यांची जागा. मग आधीपासून वसलेले होते त्यांना काय म्हणायचं?

जमीन गेली की पोट जातं. तिथल्या मैदानात कोट्यवधी रानगवे होते. मांस खायला, कातडं पांघरायला, हाडाची हत्यारं. गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यासाठी त्यांची कत्तल केली. शतक संपता संपता हजारभरसुद्धा उरले नाहीत. मग लढणारी माणसं उपाशी पोटी सरकारी शिध्याच्या रांगेत उभी राहिली. आपल्या कातकऱ्यांचं नावच कातावरून पडलं. खैर तोडायचा, कात काढायचा. खैर सरकारचा झाला, धंदा बुडाला, आणि कातकरी पोहोचला कुठं? कोळशाच्या भट्टीवर, वीटभट्टीवर. मुकादमाची उचल घेऊन. गवा गेला आणि रांग आली, खैर गेला आणि उचल आली. वेगळं काय आहे?

दुसरा कागद, थोड्यांनी सही केलेला आणि सगळ्यांना बांधणारा. चेरोकी नावाची एक जमात होती. हुशार माणसं. त्यांच्यातल्या सेक्वोया नावाच्या माणसानं त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली. त्यांनी आपलं वर्तमानपत्र काढलं, आपली घटना लिहिली. 1830 साली सरकारनं त्यांना नदीपलीकडं हटवायचा कायदा केला, तेव्हा त्यांची बाजू थेट सुप्रीम कोर्टात गेली. 1832 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. जिंकले! पण निकाल अमलात आणणार कोण? मग 1835 साली मूठभर लोकांना हाताशी धरून सरकारनं करारावर सह्या घेतल्या. त्यांचा निवडलेला मुख्य जॉन रॉस त्या सह्यांत नव्हता. हजारो लोकांनी लिहून दिलं की हा करार आमचा नाही. ऐकलं नाही. 1838 साली शिपाई आले आणि माणसांना घरातून ओढून काढलं. सुमारे सोळा हजार लोकांना पश्चिमेकडं चालवत नेलं. त्यात चार हजारांच्या आसपास मेले. त्या वाटेला ते लोक अश्रूंची वाट म्हणतात.

आता आपली दळी आठवा. इंग्रजांच्या काळात फारेस्टनं डोंगर उतारावर नाचणी-वरीसाठी दळीची जमीन दिली. कागदावर नाव एका नाईकाचं, कसणारी घरं अनेक. नाईक मेला, घरं वाढली, कागद तसाच राहिला. आज साहेब विचारतो, तुझं नाव कुठंय? आणि उद्या त्या एका नावाच्या वारसाला गाठून कुणी अंगठा घेतला, तर बाकीच्या घरांचं काय? चेरोकींचं झालं तेच.

तिसरा कागद सगळ्यात गोड. 1887 साली अमेरिकेच्या सरकारनं सांगितलं, तुमची जमीन सामाईक आहे, ती वाटून देतो. कुटुंबामागं 160 एकर, प्रत्येकाच्या नावावर. ऐकायला चांगलं. पण वाटून उरली ती 'जादा' ठरवली आणि गोऱ्यांना खुली केली. नावावर झालेली पंचवीस वर्षं विकता येणार नाही अशी अट होती, 1906 साली तीही सैल केली. मग कर, कर्ज, दारू, दलाल. 1887 साली आदिवासींकडं सुमारे 13 कोटी 80 लाख एकर जमीन होती. 1934 साली 4 कोटी 80 लाख उरली. गोळी न झाडता!

इथं आम्ही आमच्याच घरचं सांगतो. आमच्या आजानं एका पावसाळ्यात एका सावकाराकडून मणभर भात उचललं. कोऱ्या कागदावर अंगठा दिला. भात दोन महिन्यांत संपलं. खाचर मात्र कायमचं गेलं. आजा मरेपर्यंत त्याच खाचरात मजुरीनं लावणीला जायचा. आम्ही लहानपणी विचारायचो, आजा, हे कुणाचं शेत? तो म्हणायचा, "आपलंच होतं रे." तो 'होतं' आमच्या कानातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळं हरलेलंच का? नाही. सू जमातीची गोष्ट ऐका. 1868 च्या करारात सरकारनं त्यांचे काळे डोंगर त्यांचेच राहतील असं लिहून दिलं. सहा वर्षांत तिथं सोनं सापडलं, आणि 1877 साली डोंगर काढून घेतले. ते लोक लढत राहिले. शंभर वर्षांनी, 1980 साली, तिथल्या सुप्रीम कोर्टानं कबूल केलं की जमीन अन्यायानं घेतली, दहा कोटी डॉलरच्या वर पैसे द्या. गरीब माणसं ती. पण त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, डोंगर विकायला काढलेलेच नाहीत. पैसे अजून तसेच पडून आहेत.

आपलीही परंपरा आहे. 25 सप्टेंबर 1930 ला उरणच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांत आपला नाग्या महादू कातकरी होता. आणि आपल्याकडं कायदाही आहे. 1974 पासून कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेता येत नाही. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठीही कायदा झालाय. पण चेरोकींनी शिकवलंय की निकाल खिशात असून भागत नाही. मागं माणसं उभी लागतात.

सध्या वाड्यांवर एक दलाल फिरतोय. "परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त अंगठा द्या" म्हणतो. हजार-पाचशे हातावर ठेवतो. ज्यांनी घेतले असतील त्यांना आम्ही शिव्या देणार नाही. घरात पोर आजारी असलं की पाचशे रुपये काय असतात ते आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांनी आज इथं सांगावं, लपवू नये. लपवलं तर एकट्याचं जाईल, सांगितलं तर सगळे मिळून सोडवू.

काम एवढंच. दिवाळी झाली की निम्मी वाडी भट्टीवर जाईल, मग मे महिन्यापर्यंत माणूस सापडत नाही. म्हणून दिवाळीच्या आत प्रत्येक वाडीनं आपली यादी करायची. दळीच्या एका नावामागं कसणारी घरं किती, कुठला तुकडा कोण कसतं, बांध कुठला, आंबा-मोहाचं झाड कुठलं. घरातल्या बाईचं नाव पुरुषाच्या बरोबरीनं लिहायचं. म्हाताऱ्यांना शेतावर नेऊन त्यांच्या तोंडून हद्दी ऐकायच्या आणि लिहून काढायच्या. फारेस्टनं दंड केल्याची जुनी पावती असेल तर ती फाडू नका. त्यांनी दंड केला म्हणजे तुम्ही तिथं होता, हे त्यांनीच लिहून दिलंय!

आणि वाडीच्या बैठकीत वाचून घेतल्याशिवाय कुणीही कशावरही अंगठा द्यायचा नाही. दलाल असो, साहेब असो, पुढारी असो, नाहीतर आम्ही असो.

आपल्या नातवानं विचारलं, हे कुणाचं शेत, तर आपल्याला 'होतं' म्हणायला लागू नये. 'आहे' म्हणता यावं.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!