बटण बंद, तरी वीज चालू!

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. तेव्हा आज बियाणे-खतांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. पण आधी माझ्या घरी उन्हाळ्यात घडलेली एक गोष्ट सांगतो. आई कूलरमध्ये पाणी भरत होती. बटण तिने आठवणीने बंद केले होते. तरीही पत्र्याला हात लागताच झटका बसला. सुदैवाने ती बाजूला फेकली गेली, म्हणून वाचली.

तपासल्यावर दोन चुका आढळल्या. बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवले होते. त्यामुळे बटण बंद केल्यावर कूलर थांबे, पण फेज मोटारीपर्यंत पोचलेलीच राही. मोटारीचे इन्सुलेशन खराब होऊन वीज पत्र्यात उतरली. सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. मग विजेने आईच्या शरीरातून वाट काढली.

आपल्या घरातील सॉकेट टेस्टरने असे तपासावेत. हात कोरडे असावेत, पायात चप्पल असावी. चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर टेस्टर आधी पारखून घ्यावा.

१) बटण चालू करावे. समोरून पाहता टेस्टर फक्त उजव्या छिद्रात लागला पाहिजे. डाव्या छिद्रात लागल्यास फेज व न्यूट्रल उलटे जोडले आहेत.

२) बटण बंद करावे. आता कोणत्याही छिद्रात टेस्टर लागता कामा नये. लागल्यास आमच्या घरचीच चूक समजावी.

३) दोन्ही छिद्रांत लागल्यास न्यूट्रल कोठेतरी तुटली असण्याचा संभव असतो.

४) वरच्या मोठ्या छिद्रात लागल्यास ताबडतोब मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

अर्थिंग आहे की नाही, हे मात्र टेस्टर सांगत नाही. ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. सॉकेट उघडूनही पाहायला सांगावे; कारण काही जण अर्थिंगच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडतात. अशा वेळी न्यूट्रल तुटली, की उपकरणाच्या पत्र्यातच वीज येते.

मळ्यातील वस्तीवर न्यूट्रल न घेता जमिनीत ठोकलेल्या सळईवर दिवा पेटवण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. ती सळई व भोवतालची ओली जमीन माणसाला आणि गुराढोरांना जीवघेणी ठरू शकते.

दुरुस्ती करताना मेन स्विच बंदच ठेवावा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज गळू लागताच तो पुरवठा तोडतो. मात्र तो अर्थिंगची जागा घेत नाही, दोन्ही हवेत.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणशक्ती तपासतो, कारण पेरल्यावर चूक उमगून उपयोग नसतो. येथे तर चूक उमगायला माणूस उरेलच, असे नाही. आज घरी गेल्यावर कूलरच्या सॉकेटपासून सुरुवात करा.