पेशीचा उंबरठा

औषध शरीरांत गेलें म्हणजे तें कामाच्या ठिकाणीं पोहोंचलेंच, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः खरी अडचण तेथूनच पुढें सुरू होते. प्रत्येक जिवंत पेशीभोंवतीं स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दोन लक्षांव्या हिश्श्याइतकी. तरीही बहुतेक मोठ्या रेणूंना तो अभेद्य ठरतो. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटूनच आपला संदेश पोहोंचवितें. पण ज्या औषधाचें लक्ष्य पेशीच्या पोटांत आहे, त्याला उंबरठा ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

१९८८ सालीं दोन स्वतंत्र शोधपथकांना असें आढळलें कीं, एड्सच्या विषाणूचें ‘टॅट’ हें प्रथिन बाहेरून घातलें तरी पेशींत शिरतें. पुढें १९९४ सालीं फळमाशीच्या एका प्रथिनांतील अवघ्या १६ अमिनो आम्लांचा तुकडाही तेंच करतो, असें दिसून आलें. अशा लहान साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांच्या पाठीवर औषध लादून तें आंत धाडावें, ही कल्पना येथूनच रुजली.

या प्रवेशाचें मर्म रचनेंत आहे. पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित, तर आर्जिनीन व लायसीन हीं अमिनो आम्लें धनभारित. म्हणून आकर्षण होतें. परंतु केवळ भार पुरेसा नाहीं. २००० सालच्या प्रयोगांत सहा किंवा अधिक आर्जिनीनांची साखळी लायसीनच्या तेवढ्याच साखळीपेक्षां पुष्कळच अधिक प्रमाणांत शिरली. आर्जिनीनचें टोंक दुबेळक्यासारखें असून पडद्यावरील फॉस्फेटला तें एकाच वेळीं दोन बंधांनीं धरतें. शिवाय उलट घडणीच्या, म्हणजे आरशांतील प्रतिबिंबासारख्या, आम्लांची साखळीही आंत जाते आणि पाचक द्रव्यांना ती सहसा तोडतां येत नाहीं.

आरंभींच्या उत्साहाला २००३ सालीं मर्यादा पडली. निरीक्षणासाठीं पेशी रसायनानें स्थिर केल्या असतां पेप्टाइड आंत पसरल्याचा आभास होतो. जिवंत पेशींत मात्र तें बहुतांशीं लहान पिशव्यांत गिळलें जातें, असें तेव्हां सिद्ध झालें. पिशवींतून न सुटलेलें औषध देवडीवर अडकलेल्या पाहुण्यासारखें! तें निसटलें नाहीं, तर पुढें पेशीच्या पाचक रसांत नष्ट होतें.

निसर्गानें दुसरीही वाट दाखविली आहे. बुरशीपासून मिळणारें सायक्लोस्पोरिन हें ११ अमिनो आम्लांचें वलय आहे. त्यांतील सात नत्राणूंवर मिथिल गट असल्यानें पाण्याशीं त्याची ओढ कमी होते; स्निग्ध पडद्यांत शिरतांना वलय आपले उरलेले बंध आंतल्या आंत जुळवून घेतें. म्हणूनच पोटांत घेतलें तरी तें गुणकारी ठरतें. अवयवरोपणासाठीं अमेरिकेंत १९८३ सालीं त्यास मान्यता मिळाली.

परंतु दार उघडणें आणि भिंत पाडणें यांतील अंतर थोडें आहे. मधमाशीच्या विषांतील मेलिटिन हें २६ अमिनो आम्लांचें पेप्टाइड पडद्याला भोकें पाडून पेशीचा नाश करतें. उलट, आर्जिनीनची साखळी निरोगी व रोगी पेशींत भेद करीत नाहीं. तेव्हां आंत शिरावें, पण घर मोडूं नये. आणि शिरावें तें योग्य घरांतच, ही दुहेरी कसोटी उतरेल तीच रचना रुग्णाच्या उपयोगाची.