उरलेला रंग, उरलेला कागद

जलरंगाला खाडाखोड सोसत नाहीं. म्हणूनच महाग, कोरा कागद समोर आला कीं नवशिक्याचा हात आखडतो. हा धाक घालविण्यास जाड कागदाचे उरलेले तुकडे व तबकडींत वाळलेला रंग यांसारखें दुसरें साधन नाहीं. जलरंगांतील डिंक पाण्यानें पुन्हा विरघळतो. ओला कुंचला फिरतांच वाळलेला रंग जागा होतो.

इंग्रज चित्रकार टर्नर १८५१ सालीं वारला. त्याच्या मागें राहिलेल्या हजारों कागदांत प्रदर्शनासाठीं न काढलेलीं कितीतरी जलरंगी टिपणें निघालीं. कोठें आकाशाचा एक पट्टा, कोठें केवळ रंग पारखण्यासाठीं ओढलेले फराटे. एवढा सिद्धहस्त कलावंतहि आधीं अजमावून पाहत असे.

पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्यावा. उरलेल्या निळ्यांत तांबूस तपकिरी मिसळली कीं सावलीचा करडा रंग मिळतो. एक तुकडा भिजवून त्यावर तो सोडावा, दुसऱ्या कोरड्या तुकड्यावर ओढावा; पहिल्यावर मेघ पसरतो, दुसऱ्यावर डोंगराची कड उमटते. उजेडाची जागा मात्र कोरीच राखावी.

दहा तुकडे बिघडले तरी तोटा कांहींच नाहीं. अकराव्यावर हात मोकळा होतो, आणि तीच खरी मिळकत.