कलेचा तास आणि कामगाराचे मूल



युनियनच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की तो बोनस, महागाई आणि कामाचे तास यांवरच बोलणार, अशी समजूत असते. आज आम्हीही तासाबद्दलच बोलणार आहोत. फक्त हा तास कारखान्यातला नव्हे, शाळेतला आहे. सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात चित्रकला, संगीत, नाट्य असे लिहिलेला जो चौकोन असतो, तो मुलांच्या पदरात खरोखर किती पडतो, एवढाच आजचा विषय.

परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. गुरुजी रजेवर असले की तो शुद्धलेखनात जातो. कामगाराचा अर्धा तास कापला गेला तर आम्ही फाटकाशी उभे राहतो. मुलाचा तास कापला जातो तेव्हा फाटकाशी कोणीही उभे नसते. पालकांना तर हा तास गेला याचे बरेच वाटते.

प्रथम वयाचा विचार करू. ही मुले अकरा ते चौदा वर्षांची. लहान मूल चित्र काढते ते बेधडक. त्याचा माणूस घरापेक्षा उंच असतो, सूर्याला डोळे असतात, आणि त्याला त्याची लाज नसते. बाराव्या वर्षाच्या आसपास तेच मूल खोडरबर जास्त आणि पेन्सिल कमी वापरू लागते. ऑस्ट्रियात जन्मलेले व पुढे अमेरिकेत शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. या वयात वास्तवाची जाण येते, आपले चित्र खऱ्यासारखे नाही हे मुलाला टोचू लागते, असे त्यांनी त्यात मांडले. मग मूल म्हणते, 'मला चित्रकला येत नाही.' आणि आपण ते खरे मानतो!

मंडळी, माग चालत नाही असे कामगार सांगतो तेव्हा तो काम नाकारीत नसतो, जॉबरला बोलवा म्हणत असतो. बारा वर्षांचे मूल 'येत नाही' म्हणते त्याचा अर्थही तोच. त्याची दृष्टी पुढे गेली आहे, हात मागे राहिला आहे. शिकवायची खरी वेळ हीच, आणि नेमक्या याच वेळी आपण तास काढून घेतो.

काय शिकवावे? आपल्या इचलकरंजीचेच उदाहरण घ्या. मागाच्या शेडमध्ये दारात उभे राहून आत पाहिले तर मागांच्या दोन्ही रांगा लांब जाऊन जवळ येतात. दूरचा माग बोटाएवढा दिसतो, जवळचा माणसाएवढा. चित्रातले यथादर्शन म्हणतात ते हेच. फळ्यावर व्याख्या लिहून जे महिन्यात समजत नाही, ते शेडच्या दारात एका तासात समजते. मग धोटा हातात द्यावा आणि तो जसा दिसतो तसा काढायला सांगावे, उजेड कोणत्या बाजूने पडतो ते विचारावे. साडीच्या काठावरची वेल किती बोटांनी पुन्हा येते ते मोजायला लावावे. खर्च एका कागदाचा.

गाण्याचेही तसेच. या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. मग त्याला समूहगीतातून उठवून मागच्या बाकावर बसवतात आणि पुढे तो जन्मभर गात नाही. वास्तविक पट्टी खाली घ्यावी, काही दिवस ताल धरायला द्यावा, एवढेच पुरते. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार चारचे चार भाग, नवव्या मात्रेवर खाली. हे टाळीने धरता येणाऱ्या मुलाला अपूर्णांकाची भीती राहत नाही. मुलींची गोष्ट याहून कठीण. पाचवीपर्यंत नाचणारी मुलगी सातवीत 'मोठी' होते आणि तिचे पाय थांबवले जातात. लेझीम फक्त मुलांच्या हाती जाते. कलेचा तास असला, तर ती जे करते ते अभ्यासच आहे असे घरी सांगता येते.

आपल्या या मुलखाला हे नवे नाही. इचलकरंजीच्या जहागिरीच्या आश्रयामुळे बाळकृष्णबुवांना इचलकरंजीकर हेच नाव पडले. त्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. जवळच्या कुरुंदवाडचा एक मुलगा, शोभेच्या दारूने डोळे अधू झाल्यामुळे, मिरजेस त्यांच्याकडे गाणे शिकायला गेला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर गाणे गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळायचे. पलुस्करांनी ते वर्गात आणले, स्वरलिपी केली, अभ्यासक्रम ठरवला, राजाऐवजी लोकांच्या आधारावर शाळा उभी केली. गाणे मर्जीतून काढून नियमात आणले, असे आम्ही म्हणू. आमच्या धंद्यात या फरकाची किंमत फार मोठी आहे.

नाटकाविषयी थोडे. स्नेहसंमेलनाचे नाटक म्हणजे चार गोऱ्यागोमट्या, खणखणीत आवाजाच्या मुलांचे नाटक. उरलेली छत्तीस मुले टाळ्या वाजवतात. वर्गातले नाटक वेगळे. चाळीस मुलांची पाच टोळकी करावीत आणि विषय त्यांच्याच गल्लीतला द्यावा, पाण्याच्या नळावरची रांग म्हणा. लिहिणारे तेच, बोलणारे तेच, पाठीमागून शब्द सांगणारेही तेच. मग भूमिका बदलाव्यात. कारखानदाराच्या मुलाने कांडीवालीचे काम करावे आणि कांडीवालीच्या मुलीने कारखानदाराचे. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून पाहण्याची याहून स्वस्त सोय आम्हांस माहीत नाही. रत्नाकर मतकरींनी ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम उभा केला. आपल्या रोजच्या जगण्यातले विषय घेऊन ती मुले रंगमंचावर उभी राहिली.

आता आक्षेप. पहिला असा की खरा कलावंत शाळेवाचून घडतो. अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम गेले, तरी लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कलाशाळेत गेले नाहीत, तरी त्यांनी कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरे आहे. पण बाबूरावांच्या वडिलांच्या घरातच हातकामाची शाळा भरत होती, आणि अण्णाभाऊंच्या मागे तमाशाची परंपरा होती. आजच्या कामगाराच्या दहा बाय बाराच्या खोलीत तसे काय उरले आहे? आणि असे कितीजण वाटेतच गळाले, त्यांची नोंद कोणी ठेवली? शाळा असामान्यांसाठी नसते, उरलेल्या सर्वांसाठी असते.

दुसरा आक्षेप आमच्या सभासदांचा: 'कलेने पोट भरते काय?' या प्रश्नाला हसू नये, तो उपाशी राहिलेल्याचा प्रश्न आहे. आमचे स्वतःचे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे शिक्षण मोर्चाचे फलक रंगवताना झाले. कापडावर अक्षरे बसवायची म्हणजे आधी शब्द मोजायचे, दोन अक्षरांतली जागा डोळ्याने तोलायची, लांबून वाचता येईल तेच लिहायचे. नेमके बोलायला आम्ही त्या फलकांवर शिकलो. त्याने पोट भरले असे आम्ही म्हणत नाही. पण पोटासाठी भांडायचे कसे, ते त्यानेच शिकवले. मागणी मांडायला शब्द लागतो, आवाज लागतो, चारचौघांत उभे राहण्याची सवय लागते. ही सवय तेरा वर्षांच्या मुलाला लागली नाही, तर तिशीत ती लावताना आमच्यासारख्याचा घाम निघतो.

तिसरा आक्षेप पैशाचा. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला आणि इतर विषय यांत भिंत नको असे म्हटले आहे. कागद उत्तम आहेत. पण 'अंशकालीन' या शब्दापाशी आम्ही थबकतो. अर्ध्या पगाराच्या, उद्या राहील की नाही ठाऊक नसलेल्या माणसाने आपल्या मुलांना पूर्ण मनाने शिकवावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते? कला शिकवणाऱ्याला पूर्ण वेतन आणि कायम नेमणूक मिळाली पाहिजे. तासाची लढाई आणि वेतनाची लढाई एकच आहे.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. येत्या जूनमध्ये शाळेच्या व्यवस्थापन समितीत जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. कलेचे तास आठवड्याला किती? मागच्या वर्षी त्यांतले प्रत्यक्ष किती झाले? आणि ते कोणी घेतले? गावातला हलगीवाला, साइनबोर्ड रंगवणारा, भजनी मंडळाचा पखवाजी यांना महिन्यातून एकदा शाळेत न्या, आणि मानधन देऊन न्या. चित्रांना क्रमांक लावू नका. भिंतीवर सगळ्यांचीच लावा.

कामगाराच्या मुलाने चित्रकार व्हावे असा आमचा आग्रह नाही. आपल्याला गाता येत नाही, काढता येत नाही, बोलता येत नाही, असे चौदाव्या वर्षी ठरवून त्याने शाळेबाहेर पडू नये, एवढाच आहे.