झोपणारं यंत्र आणि जागा भोंगा



दौंडमध्ये बोलतेय आणि समोर शिरूरचेही बरेच जण आहेत, म्हणून विषय दोन्ही तालुक्यांचा घेते : ऊस, रात्रीची लाईट आणि बिबट्या. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम.

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जण गेले. त्यात दोन लहान मुलं होती. तेव्हापासून ओळखीचे लोक मला विचारतात, बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारं यंत्र करणं इतकं अवघड आहे का? कॅमेरा आहे, एआय आहे, मग अडलंय कुठे?

अडतं ते बॅटरीवर. उसाच्या बांधावर वीज नसते. 2400 मिलिअँपिअर-तासांची एक बॅटरी घ्या. यंत्र सतत जागं राहून फक्त 10 मिलिअँपिअर खात असेल, तर 240 तासांत, म्हणजे 10 दिवसांत, ती संपते. तेच यंत्र झोपेत 10 मायक्रोअँपिअरवर आणलं, तर कागदावर 27 वर्षं येतात. प्रत्यक्षात इतकी येत नाहीत, बॅटरी आपोआपही उतरते. पण 10 दिवस की काही वर्षं, हे बरंचसं सॉफ्टवेअर ठरवतं. आमचं निम्मं काम यंत्राला झोपवण्याचं आहे.

मग बिबट्या कसा दिसणार? टप्प्याटप्प्याने जागं करायचं. आधी अगदी कमी करंट घेणारा, अंगाची उष्णता ओळखणारा सेन्सर. त्याला काही हललं असं वाटलं, तर प्रोसेसर उठतो. त्याला पटलं तरच कॅमेरा, आणि चित्रात खरंच बिबट्या असेल तरच रेडिओ. मे महिन्यात दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा हा सेन्सर मंद होतो. उलट गरम वाऱ्यात पाचट हललं तरी तो दचकतो. दर वेळी कॅमेरा उठवला तर बॅटरी जाते, आणि कुत्र्यामांजराला भोंगा वाजू लागला की आठवड्याभरात कुणी दार उघडून बघतसुद्धा नाही. माझ्या मते दुसरं नुकसान मोठं. बॅटरी बदलता येते.

आता नेटवर्क. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय रेडिओ चालवता येतो, आणि लोरा नावाचं तंत्र थोड्या ताकदीत निरोप काही किलोमीटर नेतं. निरोप लांब न्यायचा तर तो सावकाश बोलावा लागतो : जो छोटा निरोप जलद पद्धतीने साधारण 60 मिलिसेकंदांत जातो, तोच सर्वांत सावकाश पद्धतीने जवळजवळ दीड सेकंद घेतो. तेवढा वेळ रेडिओ बॅटरी पीत असतो. त्यात ओली पानं लहरी शोषतात. तोडणीनंतर मोकळ्या रानात चाचणी घेतली की सगळं झकास चालतं, आणि पावसाळ्यात ऊस डोक्यावर गेला की निरोप गायब. म्हणून चाचणी उभ्या उसात घ्यायची आणि अँटेना उसाच्या वर.

सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. लोरावॅनमधलं बॅटरीवालं यंत्र सहसा स्वतः बोलल्यानंतरच थोडा वेळ ऐकतं. बाकी वेळ त्याचे कान बंद. निरोप पाठवणाऱ्या कॅमेऱ्याला हे चालतं. पण भोंगाही तसाच ठेवला, तर बिबट्या दिसूनही भोंगा झोपलेला! त्याला सतत ऐकणारा ठेवायचा तर सोलर पॅनेल द्यावं लागतं. नाहीतर दुसरी युक्ती : काँटिकी या स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रेडिओ सेकंदाला साधारण आठदा क्षणभर कान उघडतो, काही ऐकू आलं तरच जागा राहतो. बोलणाऱ्याने तोवर तोच निरोप पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं.

आणि शांतता म्हणजे बिबट्या नाही की यंत्र मेलंय? यंत्राने ठरावीक तासांनी ‘मी आहे’ असा निरोप पाठवलाच पाहिजे, आणि तो चुकला तर वस्तीवरच्या माणसाला कळलं पाहिजे, पुण्यातल्या एखाद्या कंप्युटरला नुसतं कळून उपयोग नाही. रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला जाणारा माणूस त्या शांततेच्या भरवशावर उसात शिरतो. विकत घेताना हा प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? आपल्यापैकी अनेकांच्या घरात मोबाइल रिपेअरिंग, मोटार रिवाइंडिंग, बॅटरीचं दुकान आहे. ते सोडून ‘कंप्युटरमध्ये’ जायचं, असं आपण समजतो. पण चिपच्या कागदावर 10 मायक्रोअँपिअर लिहिलेलं असताना बोर्ड मिलिअँपिअरमध्ये का खातोय, हे शोधायला मीटर धरणारा हातच लागतो. बहुतेकदा चोर सापडतो तो बोर्डवरचा लाल दिवा, नाहीतर यूएसबीची चिप. मोबाइलमधलं लीकेज शोधणाऱ्याला हे नवं नाही. त्यावर सी भाषा शिकायची. काँटिकी, झेफर, फ्रीआरटॉस यांचा कोड फुकट आणि उघडा आहे. तुम्ही दुरुस्ती पाठवलीत तर तिथे तुमचं नाव दिसतं, हे खरं. पण ती चाचणीत उतरली की नाही, हेही सगळ्यांना दिसतं. मुलींनो, हे काम घरच्या टेबलावर होतं, पण अँटेना लावायला रानात जावंच लागतं. तेही मागून घ्या.

मागच्या टेबलावर दोन बोर्ड आणि एक मीटर ठेवलाय. एकाचा दिवा काढलाय, दुसऱ्याचा तसाच आहे. आधी करंट मोजा, मग प्रश्न विचारा.