दारातला बटण गुलाब
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी गुलाबाविषयी बोलणार आहे. गुलाब म्हटले की पुष्कळांना वाटते, "ते बंगलेवाल्यांचे काम! आपल्याला कुठली बाग आणि कुठला माळी?" पण एक गुलाब असा आहे, की त्याला बाग लागत नाही आणि माळीही लागत नाही. हातभर जागा, पाच-सहा तास ऊन आणि तांब्याभर पाणी, एवढ्यावर तो राहतो. त्याला बटण गुलाब म्हणतात. रोपे विकणारे त्याला 'मिनिएचर' म्हणतात. म्हणजे लहान जातीचा गुलाब.

त्याचे झाड वीत-दोन वीत उंच होते. पान मोठ्या गुलाबासारखेच, पण लहान. फूल रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे. आपण ज्याला चिनी गुलाब म्हणतो, तो हा नव्हे. चिनी गुलाबाची पाने जाड व रसाळ असतात आणि तो जमिनीवर पसरतो. त्याचे नुसते नाव गुलाब. कूळ वेगळे.

गंमत अशी, की खरा लहान गुलाबही मुळात चीनमधल्या गुलाबापासूनच आलेला आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तो युरोपात गेला. लोकांनी काही काळ हौसेने कुंडीत लावला. मग हौस फिटली. मोठमोठ्या बागांतून तो नाहीसा झाला. जाणकारांना वाटले, ही जात संपली.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंड देशात एक गोष्ट घडली. तिथल्या लष्करात रूले नावाचे डॉक्टर होते. डोंगरातल्या एका खेड्यात त्यांना घराच्या खिडकीत चिमुकला गुलाब दिसला. त्यांनी ही गोष्ट कोरव्हों नावाच्या वनस्पतींच्या जाणकाराला सांगितली. रोप आणायला माणसे गेली, तर खेड्याला आग लागून गेलेली! रोपे जळाली होती. पण शेजारच्या गावात तोच गुलाब मिळाला. त्याच्या काड्या लावून पुन्हा रोपे केली. त्या गुलाबाला रूले यांचेच नाव मिळाले. त्यापासून हॉलंडमधल्या यान द व्हिंक यांनी नव्या जाती काढल्या. त्यांतली एक १९३६ साली अमेरिकेत 'टॉम थंब' नावाने विकली गेली. अमेरिकेतच राल्फ मूर या गृहस्थांनी जन्मभर हेच काम केले आणि शेकडो जाती तयार केल्या. ते १०२ वर्षे जगले आणि २००९ साली वारले.

यातून काय दिसते? मोठ्या बागेत जे टिकले नाही, ते खेड्यातल्या साध्या घरी टिकले. आणि ते एकाच गावात असते, तर आगीत गेले असते. शेजारच्या गावीही होते, म्हणून वाचले. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता लावायचे कसे, ते पाहू.

मोठ्या गुलाबाला बहुधा जंगली गुलाबावर डोळा भरलेला असतो. खालून जंगली फूट आली आणि आपण ती ठेवली, तर वरचा चांगला गुलाब मरतो. बटण गुलाब बहुधा काडीपासूनच वाढवतात. म्हणजे तो स्वतःच्या मुळावर उभा असतो. खालून फूट आली तरी ती त्याचीच. रोप घेताना विकणाऱ्याला विचारा, "काडीचे आहे की डोळा भरलेले?" काडीचे असेल ते घ्या.

कुंडी विकत आणायची गरज नाही. तेलाचा जुना डबा चालतो, फुटकी घागर चालते. खोली निदान एक वीत हवी. बुडाला तीन-चार भोके पाडा. भोक नसेल तर पाणी साठते, मुळे कुजतात आणि झाड बसते. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत एकत्र करा. नुसती काळी माती घालू नका. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की तडकते. ताजे शेण तर मुळीच घालू नका. त्याच्या उष्णतेने मुळे भाजतात आणि त्यातून हुमणी येते. हुमणी मुळेच खाऊन टाकते.

डबा कोठे ठेवावा? जिथे सकाळचे ऊन येते तिथे. वळचणीखाली ठेवू नका, पागोळ्यांनी माती वाहून जाते. शेळीचे तोंड पोचेल अशा जागी तर नकोच. शेळीला काट्याचे भय नाही!

आता पाण्याचा प्रश्न. कोणी म्हणेल, "गुरुजी, उन्हाळ्यात आम्ही प्यायचे पाणी डोक्यावरून आणतो, तिथे गुलाबाला कुठले?" प्रश्न रास्त आहे. पण तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी आपण ओतूनच देतो ना? तेच या झाडाला द्या. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नका. मातीत बोट घालून पाहा. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली, तरच पाणी घाला. ते बुंध्याशी घाला, पानांवर नको. मातीवर पाचट किंवा पालापाचोळा पसरला, तर ओल जास्त दिवस टिकते.

फूल सुकले की देठासकट कापून टाका. का? फूल तसेच राहिले, तर त्याचे बोंड होते. बोंडात बी धरते. झाडाची ताकद बी पोसण्यात जाते. कापले तर ती ताकद नव्या फुटीला मिळते आणि पाच-सहा आठवड्यांत पुन्हा कळ्या दिसतात. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास, झाड तिसरा हिस्सा छाटा. वाळलेल्या काड्या काढा. वर मूठभर शेणखत द्या. मोठ्या गुलाबासारखे डोळे मोजत बसायला नको. धारदार कात्री असली म्हणजे झाले.

रोगराईचे सांगतो. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. अशी पाने तोडा, खाली पडलेलीही वेचा आणि जाळून टाका. उन्हाळ्यात पानांच्या खाली लाल कोळी होतो. तो इतका बारीक असतो, की नुसती धूळ वाटते. पाने खालच्या बाजूने पाण्याने धुवा. कोवळ्या शेंड्यावर मावा आला, तर निंबोळीचा अर्क मारा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा आणि शिंपडा.

पण शेतातले विषारी औषध या झाडावर मारू नका. कोणी म्हणेल, "थोडेसे उरले आहे, मारून टाकू." नको! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. उघड्या रानात असे होते. मग दारात, जिथे मूल रांगते आणि जिथे आपण धान्य वाळत घालतो, तिथे ते विष कशाला आणायचे? एक झाड मेले तर दुसरे लावता येते.

आता काडीची रीत. फूल येऊन गेलेली फांदी घ्या. तिची चार बोटे लांबीची काडी कापा. तीवर तीन-चार डोळे असावेत. खालची पाने काढा, वरची दोन ठेवा. ओल्या वाळूत खोचा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्याचे दिवस याला चांगले. चार ते सहा आठवड्यांत मुळ्या फुटतात. नवे पान दिसले की लगेच उपटून पाहू नका. पान काडीतल्या ओलीवरही फुटते, मुळी मागून येते. एक काडी लावू नका, पाच लावा. सगळ्याच जगत नाहीत.

इथे तुमचे अक्षर उपयोगी पडेल. काडी लावली, की डब्यावर खडूने तारीख लिहा. "१० जुलै, लाल." एवढे पुरे. मग सहा आठवडे कधी झाले, हे कोणाला विचारायला नको. आपल्या हाताने लिहिलेले आपणच वाचावे, यात सुख आहे.

हा गुलाब तुम्हाला पैसे देईल, असे मी म्हणत नाही. याच्या बहुतेक जातींना वास कमी. गुलकंदाला गावठी गुलाबच हवा. मग लावायचा कशाला? घर एका खोलीचे असो की चार खोल्यांचे, दारात एक फूल असावे, असे कोणाला वाटत नाही? देवाला वाहायला, मुलीच्या वेणीत माळायला ते आपल्या दारचे असावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठून पाहायला काहीतरी असावे. ही हौस श्रीमंतांनीच करावी, असे कोठे लिहिलेले नाही.

आणि शेवटचे एक. काडी जगली, की एक रोप शेजारी द्या. ज्याच्याशी बोलणे कमी झाले आहे, त्याला आधी द्या. उद्या तुमचे झाड उन्हाने गेले किंवा शेळीने खाल्ले, तर काडी मागायला एक दार असेल. त्या डोंगरातल्या खेड्याचा गुलाब असाच वाचला.