मातीत घडवू या चारठाणा



परभणी जिल्ह्यातलं चारठाणा.
जिंतूर तालुक्यातलं हे गाव.
यादवकाळातली देवळं, गोकुळेश्वराची बारव,
आणि एक उंच, कोरीव दगडी स्तंभ.

यातलं एखादं देऊळ मातीत घडवून पाहा.
वीतभर उंचीचं.

दिवाळीतला मातीचा किल्ला पावसात विरघळतो.
भाजलेली माती मात्र टिकते, म्हणून देऊळ भाजायचं.
तेर आणि पैठणला सातवाहन काळातल्या
भाजक्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत.

माती चाळा, भिजवा, भरपूर मळा.
लाटून पट्ट्या कापा.
त्यांच्याच भिंती उभ्या करा.

देऊळ आतून पोकळ हवं.
भरीव गोळ्यात ओल दडून राहते.
भट्टीत तिची वाफ होते, आणि देऊळ फुटतं.

जोडाच्या जागी सुईने ओरखडे काढा.
तिथे पातळ चिखल लावा, मग दाबा.

नक्षीची घाई नको.
माती जरा घट्ट होऊ द्या.
मग खांब कोरा.
खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्यावर गोल.
जुन्या कारागिरांची ही रीत
हाताने घडवतानाच खरी उमगते.
मला तर यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

वाळवायचं सावलीत, सावकाश.
पुन्हा सांगते.
आतून पोकळ, आणि सावलीत सावकाश.

भाजायला गावातल्या कुंभारदादांची मदत घ्या.

आणि श्रोतेहो, एक विनंती.
खऱ्या देवळाची चित्रं काढा, फोटो घ्या.
पण छाप घ्यायला मूळ नक्षीवर
ओली माती दाबू नका.